इलेक्ट्रिक गाडी ट्रॅकवर नेण्याआधी: ब्रेक आणि चाकांची तयारी, नाशिकच्या गॅरेजमधून

तिसऱ्या लॅपच्या शेवटच्या वळणाआधी मी ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेलं. पार तळाला नाही, पण जिथे रोज घट्ट लागायचं तिथून दोन बोटं खाली. गाडी थांबली, मी आत वळवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, आणली आणि वीस मिनिटं पुढच्या चाकांतून येणारा जळका वास घेत बसलो. डिस्क ठीक होती, पॅड अर्धे शिल्लक होते. उकळलं होतं ते ब्रेक ऑइल. तीन पावसाळे बघितलेलं, कंपनीने भरलेलं, कधीच न बदललेलं.

त्यानंतर दोन वर्षं मी या एकाच विषयाच्या मागे आहे. मोठे लाल कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि मोठी मॅग व्हील दिसायला छान असतात, पण इलेक्ट्रिक गाडीला ट्रॅकवर पहिली गरज त्यांची नसते. पहिली गरज ऑइल आणि पॅडची, मग ब्रेक गार ठेवणाऱ्या हवेची, मग वजन पेलणाऱ्या चाकांची. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. पैसेही त्याच क्रमाने खर्च करावेत असं माझं ठाम मत आहे.

रिजनवर विसंबू नका

सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना इलेक्ट्रिक गाडीच्या ब्रेकला जवळजवळ पाय लावावा लागत नाही. मोटर जनरेटरसारखी फिरते, गाडी मंदावते, वर बॅटरीही थोडी भरते. हेच रिजन, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग. पोर्शे तर टायकानबद्दल सांगते की रोजच्या वापरातलं ९० टक्के ब्रेकिंग मोटरच करते. म्हणून आपल्या मनात बसतं की इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक झिजत नाहीत, तापत नाहीत. रस्त्यावर हे खरं आहे. ट्रॅकवर नाही.

हिशेब करून बघा. चालकासकट गाडीचं वजन १८०० किलो धरा. ताशी १४० किमीवरून ६० किमीवर येताना साधारण ११ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत सव्वातीन लिटर गार पाणी उकळीला येईल. हे एका वळणासाठी, आणि एका लॅपमध्ये अशी चार-पाच वळणं. यातला दोन तृतीयांश भार पुढच्या चाकांवर येतो. पुढची एक डिस्क ७ किलोची असेल, तर हवा लागून ती गार होण्याआधी एकाच ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान शंभरेक अंशांनी वाढतं.

आता मोटरचा वाटा. जोरात ब्रेक दाबला की १४० च्या वेगाला गाडी त्या क्षणी ६०० किलोवॉटच्या आसपास शक्ती बाहेर टाकत असते. मधल्या किमतीच्या गाडीची रिजनची मर्यादा ६०-७० किलोवॉट धरली, तर मोटर त्यातला जेमतेम दहावा भाग घेते. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर तेवढंही नाही, कारण वीज ठेवायला जागाच नसते. बॅटरी फार तापली की रिजन कमी होतं आणि एबीएस लागलं की बऱ्याच गाड्या ते सोडूनच देतात. म्हणजे पेट्रोल गाडीपेक्षा तीन-चारशे किलो जड गाडी आणि तिला थांबवायला तेच लोखंड.

कामाला हात घालण्याआधी

पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या डिस्क बघा. त्र्यंबक किंवा इगतपुरीकडे नेहमी जाणं-येणं असेल तर आवर्जून बघा. रिजनमुळे पॅड डिस्कला घासतच नाहीत, त्यामुळे गंज साफ होत नाही. मागच्या डिस्कवर आतल्या बाजूला गंजाचा पट्टा, कॅलिपरच्या अडकलेल्या स्लाइड पिना, एका टोकाला जास्त झिजलेले पॅड हे तीन-चार वर्षांच्या गाडीत सर्रास दिसतं. अशा गाडीवर महागडे पॅड टाकणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. पिना काढून साफ करा, ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा, रबरी बूट फाटले असतील तर बदला.

गाडी उचलताना मात्र थांबून विचार करा. पेट्रोल गाडीची सवय असलेला मेकॅनिक जॅक पुढे सरकवून मिळेल तिथे लावतो. इथे खाली बॅटरीचा पॅक आहे. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या चार जागांवरच, रबरी पक लावून उचला. नारिंगी केबलला (त्यांत उच्च दाबाची वीज असते) हात लावायचा नाही, त्यांच्या वाटेत काही बांधायचं नाही. कॅलिपर काढण्याआधी गाडी पूर्ण बंद करून, चावी लांब ठेवून, गाडीची सगळी यंत्रणा झोपेपर्यंत थांबा. इलेक्ट्रिक बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा भाग) असलेल्या काही गाड्या दार उघडलं तरी जाग्या होऊन ब्रेकमध्ये दाब तयार करतात, आणि त्या वेळी पिस्टनपाशी बोट असेल तर इजा होते. मागे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय पिस्टन मागे ढकलू नका. आतली मोटर तुटते.

ब्रेक ऑइल

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक पाडणारं काम हे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या डॉट ४ साठी प्रमाणकाने ठरवलेली किमान पातळी आहे १५५. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं होतं.

रेसिंगसाठीचं ऑइल घेतलं तर आकडा खूप वर जातो. मोतुल आरबीएफ ६६० चा कोरडा उत्कलनबिंदू ३२५ अंश आहे. पण इलेक्ट्रिक गाडीत इथे एक मेख आहे. तुमच्या गाडीत व्हॅक्यूम बूस्टरऐवजी इलेक्ट्रिक बूस्टर किंवा बूस्टर-एबीएस एकत्र असलेलं युनिट असेल, तर कंपनी बहुतेक वेळा पातळ ऑइल सांगते, म्हणजे डॉट ४ क्लास ६ जातीचं. एबीएसचे बारीक व्हॉल्व्ह भरभर उघडझाप करतात, त्यांना पातळ ऑइल लागतं. रेसिंग ऑइल बरेचदा थंडीत जास्त घट्ट असतं. नाशिकचा डिसेंबर काही सायबेरिया नाही, तरी मी एवढंच सांगेन: झाकणावर काय छापलंय ते वाचा, क्लास ६ सांगितलं असेल तर त्याच वर्गातलं, जास्त उत्कलनबिंदूचं ऑइल शोधा. वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याला ताजं क्लास ६ पुरेसं होतं. सिलिकॉनचं डॉट ५ नाव सारखं असलं तरी वेगळंच आहे, ते एबीएसच्या गाडीत घालू नका.

ऑइल बदलल्यावर नळ्यांतली हवा काढताना, म्हणजे ब्लीडिंग करताना, घाई नको. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत जुना क्रम म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण इलेक्ट्रिक बूस्टरच्या गाडीत क्रम आणि पद्धत मॅन्युअलप्रमाणेच घ्या, कारण कित्येक गाड्यांत स्कॅनरने पंप चालवल्याशिवाय एबीएस युनिटमधलं जुनं ऑइल बाहेरच येत नाही. गॅरेजवाल्याला आधीच विचारा, “तुमच्या स्कॅनरमध्ये या गाडीचं ब्रेक ब्लीडिंग आहे का?” उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे जा. सीलबंद नवा डबाच वापरा, अर्धा उरलेला पुढच्या खेपेला नको. आणि हे काम ट्रॅकच्या आदल्या आठवड्यात करा, सहा महिने आधी नाही.

पॅड

रस्त्याचे पॅड साधारण ४०० अंशांपर्यंत नीट धरतात. त्यापुढे त्यांतला चिकट घटक जळतो, डिस्कवर काचेसारखा थर येतो आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही. पेडल घट्ट पण गाडी थांबत नाही, हा पॅडचा दोष. पेडल मऊ होऊन खाली जातं, हा ऑइलचा. हा फरक लक्षात ठेवलात तर पिटमध्ये चुकीची वस्तू बदलणार नाही.

ट्रॅकचे पॅड ६०० अंशांच्या वरही धरतात, पण ते गार असताना कमी पकडतात. इथे इलेक्ट्रिक गाडीचा प्रश्न वेगळा आहे. पेट्रोल गाडीत कॉलेज रोडवरच्या चार सिग्नलांत पॅड कोमट होतात. इलेक्ट्रिक गाडीत रिजनमुळे ते गारच राहतात, आणि एखादं पोरगं सायकल घेऊन मध्ये आलं की तुम्ही गार रेसिंग पॅडवर जोरात पाय देता. म्हणून पूर्ण रेसिंग पॅड रस्त्यावर ठेवू नका. एकतर रस्ता-ट्रॅक दोन्हीचा मधला प्रकार घ्या, जो गार असतानाही धरतो, किंवा ट्रॅकचे पॅड डब्यात घेऊन जा आणि तिथे बदला. मी दुसरं करतो. सवय झाली की पुढचे दोन्ही बदलायला पाऊण तास लागतो. फक्त पुढे तिखट आणि मागे कंपनीचे पॅड टाकले तर समतोल पुढे सरकतो, त्यामुळे शक्य असेल तर चारही एका जातीचे घ्या. मागे ड्रम असलेल्या गाडीत हा पर्याय मर्यादित राहतो. फोक्सवॅगनच्या आयडी.३ सारख्या गाड्यांत मागे मुद्दाम ड्रमच दिले आहेत, कारण कमी वापरात ड्रम डिस्कपेक्षा कमी गंजतात.

पॅडची जाडी निम्मी झाली की ट्रॅकसाठी ते संपले असं समजा. पातळ पॅड उष्णता थेट पिस्टनला आणि तिथून ऑइलला देतो.

नवे पॅड डिस्कवर बसवणं, म्हणजे बेडिंग, इलेक्ट्रिक गाडीत बहुतेक जण चुकवतात. मेकॅनिक रस्त्यावर दहादा ब्रेक मारून येतो आणि झालं म्हणतो. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं काम मोटरने केलेलं असतं, पॅड तापलेलेच नसतात. उपाय साधा आहे. या कामापुरती बॅटरी १०० टक्के भरा आणि रिजन सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवा. मग सगळी ताकद पॅडवर येते. ताशी ८० वरून २० वर असे आठ-दहा मध्यम ब्रेक, दोन ब्रेकच्या मध्ये थोडं अंतर, पूर्ण थांबायचं नाही. शेवटी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न लावता फिरवून गार करा. तापल्या पॅडवर गाडी उभी केली तर डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. हे पाथर्डी फाट्यावर किंवा त्र्यंबक रोडवर करू नका. मागून येणाऱ्याला तुम्ही का थांबताय ते कळत नाही. ट्रॅकवरचं पहिलं संथ सत्र यासाठीच वापरा.

डिस्क आणि कॅलिपर

साधी, भोकं-खाचा नसलेली, चांगल्या ओतीव लोखंडाची आतून हवेशीर डिस्क ट्रॅकसाठी पुरते. भोकं पाडलेली डिस्क तापून-गार होऊन भोकापासून तडकते, ती मी घेत नाही. खाचांची चालते, पॅड जरा लवकर खाते. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोजा. बसवण्याआधी हबचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून गंज काढा आणि डायल इंडिकेटर लावून डिस्क फिरवून बघा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर कारण शोधा. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि मायको सर्कलच्या परिसरात डायल हाताळता येणारा माणूस शोधावा लागत नाही. हे भाग्य सगळ्या शहरांना नाही.

मोठ्या कॅलिपरच्या किटबद्दल मात्र मी सावध आहे. पिस्टनचं क्षेत्रफळ बदललं की पेडलचा प्रवास बदलतो आणि पुढचा-मागचा समतोल हलतो. इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक भानगड आहे. पेडल दाबल्यावर मोटर किती आणि पॅड किती हे संगणक ठरवतो, आणि अमुक दाबाला अमुक ब्रेक लागेल हे त्याने कंपनीच्या भागांवरून धरलेलं असतं. तुम्ही भाग बदलले की तो हिशेब चुकतो, आणि मोटरकडून पॅडकडे काम सोपवताना पेडलला झटका जाणवतो. तुमच्याच मॉडेलवर तपासलेलं किट नसेल तर त्याच्या निम्म्या पैशात ऑइल, पॅड आणि हवेची सोय करा. स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) शेवटी, पैसे उरले तर.

हवा

इलेक्ट्रिक गाडीचं तोंड बंद असतं, पोट सपाट असतं आणि चाकांवर हवा कापणारी झाकणं असतात. रेंजसाठी हे उत्तम, ब्रेकसाठी वाईट. झाकणं निघत असतील तर ट्रॅकवर काढून ठेवा, खाली नट नीट उघडे आहेत ना बघा. त्यापुढची पायरी म्हणजे बंपरच्या खालच्या कोपऱ्यातून उष्णता सहन करणारा लवचीक पाइप चाकाकडे नेणं. हवा डिस्कच्या एका चेहऱ्यावर फुंकायची नाही, ती मध्यभागी हबपाशी द्यायची. तिथून डिस्कच्या आतले पंख ती ओढून बाहेर फेकतात. पाइप स्टिअरिंग पूर्ण वळवूनही टायरला लागू नये आणि नारिंगी केबलच्या जवळपास फिरकू नये.

चाकं

मोठं चाक म्हणजे चांगलं चाक हा समज इथे महागात पडतो. ट्रॅकसाठी कॅलिपरवरून जाणारं सगळ्यात लहान आणि हलकं चाक शोधा. २१५/५५ आर १७ टायरचा एकूण व्यास ६६८ मिमी आहे. २१५/६० आर १६ चा ६६४. फरक एक टक्क्याहून कमी, त्यामुळे स्पीडोमीटर आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दोन्ही समाधानी राहतात, शिवाय रिम हलकी होते आणि टायरची भिंत जाड होते. फक्त रिमच्या आतून कॅलिपरला सगळीकडे किमान ३ मिमी मोकळीक हवी. विकत घेण्याआधी एक चाक लावून, हाताने पूर्ण फिरवून बघा.

मॅग व्हील घेताना बहुतेक जण डिझाइन आणि पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) विचारतात. तुम्ही पहिला प्रश्न भारक्षमतेचा विचारा. बऱ्याच गाड्यांत दाराच्या खांबावरच्या पट्टीवर प्रत्येक ॲक्सलचं कमाल वजन छापलेलं असतं. पुढचा ॲक्सल ११०० किलोचा असेल तर एका चाकावर ५५० किलो येतात, आणि ट्रॅकच्या कर्बवर आदळताना त्याहून कितीतरी जास्त. रिमच्या आतल्या बाजूला भार कोरलेला असतो. मी अशा गाडीला ६९० किलोच्या खाली जात नाही. हॅचबॅकसाठी ओतलेलं स्वस्त, हलकं चाक जड इलेक्ट्रिक गाडीला लावणं ही खरी धोक्याची गोष्ट आहे. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी चाक-तपासणीचे शिक्के बघा. साध्या ओतीव चाकापेक्षा फ्लो-फॉर्म्ड (ओतून मग दाबाने लाटलेलं) चाक हलकं आणि मजबूत पडतं. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेलं, उत्तम, पण महाग.

मग ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी सरकलेली आहे तो आकडा. ७ इंच रुंद, ४५ ऑफसेटच्या जागी ७.५ इंच, ४५ चं चाक घेतलं तर ते आत आणि बाहेर दोन्हीकडे ६ मिमीहून थोडं जास्त पसरतं. आतून शॉकअबला आणि बाहेरून फेंडरला किती जागा आहे ते आधी मोजा.

मधल्या भोकाकडे दुर्लक्ष होतं. बाजारातल्या चाकाचं भोक मोठं असतं, समजा ७३.१ मिमी, आणि तुमच्या गाडीचा हब ६०.१ मिमी. मधली फट भरायला दुकानदार प्लॅस्टिकची रिंग देतो. ट्रॅकवर हब इतका तापतो की ती रिंग मऊ होऊन आकार सोडते, चाक केंद्रातून हलतं आणि सगळा भार नटांवर जातो. मी अंबडला एका टर्निंग शॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या चार रिंगा काढून घेतल्या. हब आणि भोक दोन्ही व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजून दिले, साधारण ०.०५ मिमी मोकळीक ठेवायला सांगितलं, आणि आतली कड थोडी तिरपी, म्हणजे हबच्या गोलाईवर नीट बसते. एका संध्याकाळचं काम होतं.

नटाची बैठकही जुळली पाहिजे. शंकूच्या बैठकीच्या चाकाला गोल बैठकीचा नट लावला तर तो एका बारीक रेषेवरच टेकतो आणि सुटतो. नट स्टीलचेच. घट्ट करताना एअर गन नको, टॉर्क पाना घ्या. आकडा मॅन्युअलचा, बऱ्याच गाड्यांत तो ११० ते १३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. चाकं जमिनीला टेकवून, ताऱ्याच्या क्रमाने.

टायर

कंपनीचे कमी घर्षणाचे टायर रेंजसाठी बनवलेले असतात. ट्रॅकवर त्यांचे खांदे तापून रबराचे तुकडे निघतात. पकड देणारे टायर घ्या, पण भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा खाली नको. २१५/५५ आर १७ मध्ये ९४ म्हणजे ६७० किलो आणि ९८ एक्सएल (जास्त भारासाठी मजबूत केलेला टायर) म्हणजे ७५० किलो. जड गाडीला एक्सएलच.

हवेचा दाब कंपनीच्या गार आकड्यावर ठेवून सुरुवात करा. चार-पाच लॅपनंतर आत येताच मोजा, तो ५ ते ८ पीएसआयने वाढलेला असतो. तापलेल्या टायरमध्ये ३८-४० च्या आसपास मला बरं वाटतं. हलक्या गाडीवाले मित्र ३२ सांगतील, त्यांचं ऐकू नका. जड गाडीत एवढ्या कमी दाबाला टायर भिंतीवर लोळतो. खांद्यावर खडूची रेघ मारा. रेघ खांद्याच्या खालपर्यंत पुसली गेली तर दाब कमी आहे, वर तशीच राहिली तर जास्त.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत मूळ रचनेपासून बदल करायला मर्यादा आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती भूमिका कडक केली. म्हणून ट्रॅकची चाकं ट्रॅकवर लावा, रस्त्यावर कंपनीचा किंवा कंपनीने वरच्या मॉडेलला दिलेला आकार ठेवा. विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर काही झालं तर खर्च तुमचा, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

ट्रॅकचा दिवस

नाशिकमध्ये कायमचा रेस ट्रॅक नाही. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किमीचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, सगळेच दूर. गाडी फ्लॅटबेडवर न्या. ब्रेक संपवून आलेली गाडी हजार किमी चालवत परत आणणं योग्य नाही. करी आखूड आहे, तिथे वेग कमी पण ब्रेक सतत, गार व्हायला वेळच नाही. बुद्धला लांब सरळ रस्त्यांमुळे एकेक ब्रेक मोठा, पण मध्ये हवा मिळते. पहिल्यांदा जाणाऱ्याने करीला सत्रं अजून छोटी ठेवावीत.

बेडिंग झालं की पुढच्या सत्रांना बॅटरी ८०-८५ टक्क्यांवर घेऊन निघा, म्हणजे पहिल्या ब्रेकपासून मोटर थोडा भार उचलेल. रिजनची पातळी एकदा ठरवा आणि दिवसभर बदलू नका. पाय सोडल्यावर गाडी किती मंदावते यावर वळणातला तोल अवलंबून असतो, आणि तो दर लॅपला वेगळा नको. एक संथ लॅप, तीन जोराच्या, एक संथ, आणि आत. बॅटरीही रस्त्यावरच्या तिप्पट-चौपट वेगाने उतरते, त्यामुळे याहून लांब सत्र तसंही परवडत नाही. शेवटची लॅप जवळजवळ ब्रेक न लावता काढा. पिटमध्ये हँडब्रेक लावू नका, चाकाला ठोकळा लावा. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आपोआप लागत असेल तर ती सोय मेन्यूतून आधीच बंद करा.

पहिल्या सत्रानंतर डिस्क थोड्या निवल्या की नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. प्रत्येक सत्रानंतर पेडल उभ्या गाडीत दाबून बघा. जरा जरी मऊ वाटलं तर दिवस तिथेच संपवा किंवा ऑइल बदला.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी चाकं काढा. कॅलिपरचे रबरी बूट करपलेत का, डिस्कवर केसासारख्या रेषा कडेपर्यंत पोचल्यात का, ते टॉर्च लावून बघा. कडेला पोचलेली रेष म्हणजे डिस्क भंगारात. पुढच्या दोन्ही कॅलिपरमधून थोडं ऑइल काढून पारदर्शक बाटलीत घ्या. काळपट दिसलं तर चारही चाकांचं बदला. मग रस्त्याचे पॅड बसवा, टायरची हवा मूळ आकड्यावर आणा, आणि गल्लीतच दहाच्या वेगाने चार ब्रेक मारून पेडल वर आलंय याची खात्री झाल्यावरच गाडी गंगापूर रोडला काढा.